शेतास दिलेली माणसे

एटापल्लीच्या डोंगरउतारांवर माडियांची शेत करण्याची जुनी रीत पेंड्याची होती. हिवाळा सरत आला म्हणजे उतारावरची झाडे तोडावयाची, उन्हाळाभर ती तशीच पडू देऊन कडकडीत वाळवावयाची, मृगाच्या तोंडावर त्यांस आग लावावयाची, आणि पावसाची पहिली सर येण्याच्या बेताला त्या राखेत कोसरा, कुटकी, नाचणी, मका आणि वेलीवरच्या शेंगांचे बी फेकून मोकळे व्हावयाचे. नांगर नाही, बांध नाही. दोनतीन पिके घेतली म्हणजे त्या जमिनीचा जोम सरे, मग ती रानास परत द्यावयाची आणि दुसरा उतार धरावयाचा. या मुलखातील लोहयुक्त तांबडी माती बहुधा आम्ल असते व तिच्यात पालाश आणि चुना टिकत नाही. पण झाडांची मुळे वर्षानुवर्षे खोलातून हेच द्रव्य वर ओढून खोडात, फांद्यांत आणि पानांत साठवीत असतात, आणि एका रात्रीच्या आगीत तो सारा साठा जमिनीच्या हवाली होतो. अरण्याच्या देहाचे खत करून त्यावर अन्न पिकवावयाचे, असा हा व्यवहार आहे. आणि जो समाज तो शतकानुशतके करीत आला त्याला एका देहाची राख दुसऱ्या देहाचे अन्न होते हे कोणी शिकवावयास नको होते.

इंग्रजी अंमलदारांना मात्र हा निव्वळ विध्वंस वाटला. कॅप्टन फोरसाइथ याने १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मध्य भारतावरील ग्रंथात या फिरत्या शेतीवर पुष्कळ कोरडे ओढले आहेत. पुढे जंगलखाते आले, राखीव जंगलाच्या हद्दी आल्या, आणि पेंडा हा गुन्हा ठरला. सह्याद्रीत राबाच्या बाबतीत हेच घडले. भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर टहाळ, गवत आणि शेण जाळणाऱ्या ठाणे-कुलाब्याच्या कुणब्याला आपण जंगल जाळीत नसून भात पेरीत आहोत हे सरकारास पटवून देता देता नाकी नऊ आले होते. १९१० साली बस्तरात जो भूमकाल उसळला त्याच्या मुळाशीही इतर गाऱ्हाण्यांबरोबर राखीव जंगलाचे गाऱ्हाणे होतेच.

राखेवर अन्न उगवते हे ज्यांना इतके जवळून ठाऊक, त्यांनी आपल्या मृतांची राख कधी शेतात टाकली काय, किंबहुना मनुष्यदेहच पिकासाठी मातीस दिला काय, असा प्रश्न या प्रदेशाच्या इतिहासाकडे पाहताना सहज उभा राहतो. त्याचे उत्तर शोधताना पहिली सावधगिरी अशी बाळगावी लागते की, अरण्यवासी लोकांविषयी अशी काही कथा सांगितली की ऐकणाऱ्या नागर मनुष्याला ती तत्काळ खरी वाटते. कोठे मोठा पूल बांधावयास काढला की पायात घालण्यासाठी मुले पळवून नेतात, ही हूल खेडोपाडी पिढ्यान्‌पिढ्या उठत आलेली आहे, आणि तिचा संशय नेहमी परमुलखातल्या, परजातीच्या, भणंग माणसावरच जातो.

माडियांच्या बाबतीत उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. त्यांचे मृत शेताच्या कामी येत नाहीत. कोणास अग्नी देतात, कोणास पुरतात, ते वय आणि मरणाचा प्रकार पाहून ठरते. पण नंतर नामांकित मृताच्या स्मरणार्थ गोत्राच्या माणसांनी ओढून आणलेली उंच शिळा उभी करण्याची, तिला उरसकल म्हणतात, आणि कोठे कोठे कोरीव लाकडी खांब रोवण्याची चाल एटापल्ली-भामरागडपासून इंद्रावतीपलीकडील बस्तरापर्यंत पसरलेली आहे. १९२७ ते १९३१ या काळात बस्तरचा कारभार पाहिलेला ग्रिगसन आणि त्याच्यानंतर आलेला व्हेरिअर एल्विन या दोघांनीही या शिळांविषयी विस्ताराने लिहिले आहे. मृत्यूनंतर माणूस पूर्वजांत जाऊन बसतो, त्याला मान द्यावा लागतो, तो रागावला तर गुरे मरतात आणि पीक जाते. म्हणजे पिकाचे बरेवाईट मृताच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याच्या हाडांवर नाही.

पेरणीच्या आधी बीज पांडुम होतो. घरोघरचे बी पेरम्याकडे, म्हणजे गावच्या पुजाऱ्याकडे, आणतात, कोंबड्याचे अगर डुकराचे रक्त त्या बियाण्यावर शिंपडतात, आणि मग ज्याने त्याने आपला वाटा उचलून घरी न्यावयाचा. रक्त आणि बी यांची गाठ येथे उघड आहे. पण ते रक्त जनावराचे आहे. लहान अर्भकाच्या बाबतीत तर मध्य भारतातील कित्येक जमातींत एक अशी चाल नोंदली गेली आहे की जिच्यापुढे आपला मूळ प्रश्नच उलटा होऊन पडतो. अंगावर पिणारे मूल दगावले तर त्याला मोहाच्या झाडाखाली पुरतात, हेतू हा की झाडाने आपल्या रसावर त्याला पोसावे. झाडाने मुलाला खाऊन वाढावे हा विचारच तेथे नाही. मातीत गेल्यावरही पाजण्याचे काम झाडाकडे आणि पिण्याचे काम मुलाकडे. शवाला खत समजणाऱ्या रसायनशास्त्रापुढे ही समजूत भोळी ठरेल, पण तिच्यातली माया कोणत्या तराजूत घालावी हे त्या शास्त्रास सांगता यावयाचे नाही.

नरबळीचा आरोप या मुलखावर आला तो वेगळ्या वाटेने. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात चांदा व लांजी येथील काली आणि बस्तरची दंतेश्वरी यांच्यापुढे पूर्वी माणसे बळी दिली जात, अशा आख्यायिका आहेत. चांद्याच्या कथेला कथेपलीकडे आधार नाही. दंतेवाड्याची गोष्ट मात्र दप्तरात आली. बस्तर त्या वेळी नागपूरकर भोसल्यांचे मांडलिक संस्थान. इंग्रज रेसिडेंटाच्या तगाद्यावरून १८४२ च्या सुमारास त्याची चौकशी झाली आणि नागपूर दरबाराने दंतेश्वरीच्या देवळावर शिपायांचा पहारा बसविला. मराठी राज्याच्या अखेरच्या वर्षांतला हा एक चमत्कारिक बंदोबस्त म्हटला पाहिजे. स्वतःचे राज्य अवघ्या बारा वर्षांत खालसा होणार असलेल्या तिसऱ्या रघूजीच्या दरबाराने दूरच्या देवीच्या दारात चौकी ठेवली होती. पण या प्रकरणात ध्यानात घेण्यासारखी बाब ही की दंतेवाड्याचा बळी, तो जेव्हा केव्हा दिला गेला असेल तेव्हा, राजाचा बळी होता. राज्यावर संकट आले, गादीवर नवा पुरुष आला, म्हणजे राजाच्या कुलदेवतेस तो द्यावयाचा. शेतकऱ्याच्या बांधाशी त्याचा संबंध नव्हता.

तो संबंध ज्या एका लोकांत खरोखर होता ते कंध. पूर्वेला, बस्तर आणि कालाहंडी ओलांडून गेल्यावर, गंजाम-घुमसरच्या डोंगरांत त्यांची वस्ती. हे डोंगर जगाला कळले तेही महसुलाच्या निमित्ताने. घुमसरच्या राजाकडे कंपनी सरकारची पेशकश थकली, जप्ती आली, राजा कंधांच्या डोंगरात पळाला, आणि १८३५ ते १८३७ पर्यंत त्या डोंगरांत युद्ध चालले. मद्रासहून खास नेमून आलेल्या रसेल नावाच्या अंमलदाराने (हा वरच्या ग्रंथकाराहून निराळा) १८३६ साली जो अहवाल धाडला त्यात मेरिया म्हणविल्या जाणाऱ्या नरबळीची पहिली सविस्तर हकीकत आली. पुढे कॅप्टन मॅकफरसन आणि जॉन कॅम्बेल या दोघांनी ते काम चालविले. दोघांचे एकमेकांशी इतके वाकडे की कंधांच्या देवदेवतांविषयी एकाने लिहिलेले दुसऱ्याने खोडून काढावे. त्यामुळे त्यांच्या ज्या गोष्टी जुळतात तेवढ्या तरी विश्वसनीय मानावयास हरकत नाही.

जुळते ते असे. पृथ्वी ही देवता, तिचे नाव तारी पेन्नू. ती माणूस मागते, आणि माणूस दिला नाही तर पीक देत नाही. जो द्यावयाचा तो विकत घेतलेला असला पाहिजे, अगर पूर्वी विकत घेतलेल्याच्या पोटचा. फुकटचा तिला चालत नाही. हा सौदा पाण नावाच्या अस्पृश्य मानलेल्या जातीचे लोक जमवीत. ते मैदानातल्या दरिद्री घरांतून मुले विकत घेत, पळवीत, आणि दुष्काळात तर स्वतःचीही विकीत. मोल गुरांत, भांड्यांत, धान्यात चुकते होई. विकत घेतलेला मेरिया वर्षानुवर्षे गावात राहत असे. त्याला खाऊपिऊ घालीत, त्याला जमीन देत, त्याचे लग्न लावून देत, त्याला पवित्र मानीत, आणि त्याचे मूलही जन्मतःच मेरिया होई. नेमल्या दिवसाच्या दहाबारा दिवस आधी त्याचे केस काढीत. मग नाचगाणे, दारू, मिरवणूक. आणि शेवटी वध, ज्याच्या तपशिलात येथे जाण्याची गरज नाही.

आपल्या विषयाला लागू असा भाग त्यानंतरचा आहे. प्रत्येक गावचा प्रतिनिधी तेथे हजर असे. मांसाचा वाटा पानात गुंडाळून तो धावत, वाटेत कोठे न थांबता, आपल्या गावी नेई. तेथे पुजारी त्याचे दोन भाग करी. एक पृथ्वीदेवीच्या नावाने जमिनीत पुरला जाई, दुसऱ्याचे घराघरास वाटे पडत आणि ज्याने त्याने आपला वाटा आपापल्या शेतात गाडावयाचा. शिर, आतडी आणि हाडे यांस दुसऱ्या दिवशी एका मेंढ्यासह अग्नी देत. ती राख शेतांवर विखुरत, घरांस व कणग्यांस लिंपीत, नव्या धान्यात कीड लागू नये म्हणून मिसळीत. हळद लावणाऱ्यांना तर मेरियाची विशेष गरज वाटे, कारण रक्त सांडल्यावाचून हळकुंडाला गडद लाल रंग चढणार नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. सांगलीच्या पेठेत हळकुंड मोडून आतला रंग पाहणारा अडत्या आणि घुमसरच्या डोंगरातला तो कंध यांची नजर एकाच ठिकाणी लागलेली आहे, फक्त कारणमीमांसा निराळी.

फ्रेझरच्या सुप्रसिद्ध ग्रंथामुळे ही हकीकत जगभर गेली, आणि मनुष्यदेहाचे खत करण्याचे उदाहरण म्हणून ती वारंवार दिली जाते. पण ते खत होते काय? एका देहाचे मांस जर कित्येक गावांत आणि गावाच्या प्रत्येक घरात वाटले गेले, तर एकेका शेताच्या वाट्यास जे आले असेल त्याने जमिनीच्या कसात गुंजभरही फरक पडणे शक्य नाही. देहाचे माती-मोल आज आपणास मोजता येते. प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे सातशे ग्रॅम स्फुरद असते व त्याचा बहुतेक भाग हाडांत आणि दातांत असतो. एक टन दाणे देणारे भाताचे पीक जमिनीतून साधारण अडीच-तीन किलो स्फुरद उचलते. म्हणजे एक अख्खा माणूस, कणही वाया न घालविता, मातीत जिरविला तरी त्यातून पावटन भाताला पुरेल एवढेच स्फुरद हाती येते. मेरियाचा वाटा शेतात गाडणाऱ्या कंधाला हा हिशेब ठाऊक नव्हता, आणि ठाऊक असता तरी त्याला त्याची गरज नव्हती. तो जमिनीचे देणे फेडीत होता. खत तो समजत असता तर त्याने कोणताही देह वापरला असता, मोल देऊन आणलेल्याचाच आग्रह धरला नसता.

या देण्यातली अत्यंत अप्रिय गोष्ट अशी की, ते देणाऱ्याच्या घरातून जात नव्हते. देणारा एक आणि दिला जाणारा दुसरा. विकत घेतलेला, परगावचा, बहुधा दरिद्री जातीचा. ज्याच्यामागे रडणारे कोणी गावात नाही असा. हे काही कंधांचेच वैशिष्ट्य नव्हे. पुरंदरचा शेंद्री बुरूज ढासळत राहिला तेव्हा त्याच्या पायात एका महार कुटुंबातला मुलगा आणि सून जिवंत गाडल्याची कथा मुंबई सरकारच्या गॅझेटिअरने नोंदविली आहे, आणि ती ऐकून आपण आजवर बुरुजाच्या बळकटीचीच वाखाणणी करीत आलो.

कॅम्बेलच्या पद्धतीत एक व्यावहारिक शहाणपण होते. तो कंध प्रमुखांना जमवी, व्याघ्रचर्मावर बसवी, हातात माती, तांदूळ आणि पाणी घेववून त्यांच्याकडून शपथ घेववी. शपथ मोडली तर जमिनीने पीक देऊ नये, अन्नाने घशात अडकावे, पाण्याने बुडवावे आणि वाघाने कुळासकट खावे, असा तिचा आशय. तेव्हा काही प्रमुखांनी देवीपुढे जी मखलाशी केली ती त्याने प्रांजळपणे लिहून ठेवली आहे. माणसाऐवजी जनावराचे रक्त देतो म्हणून आमच्यावर कोपू नकोस, कोपावयाचेच असेल तर या साहेबावर कोप, त्याला ते झेपण्यासारखे आहे, असे त्यांनी तिला विनविले. धर्मसुधारणेच्या इतिहासात इतकी मोकळी तडजोड क्वचितच आढळेल. १८४५ साली या कामासाठी स्वतंत्र एजन्सी स्थापन झाली, १८६१ साली ती मोडली. १८३७ ते १८५४ या अवधीत १५०६ मेरिया सोडविले गेले, त्यांतली कित्येक मुले मिशनच्या शाळांत वाढली, आणि डोंगरांत माणसाच्या जागी रेडा आला.

तथापि हा जमाखर्च एकाच बाजूने वाचला जाऊ नये. पेशकशीच्या थकबाकीवरून सुरू झालेल्या त्या युद्धात गावेच्या गावे जाळली गेली, कोठारे जाळली गेली, कंध पुढाऱ्यांना फाशी दिले गेले. आणि नंतर या सर्वांचे समर्थन नरबळी थांबविण्याच्या पुण्यकृत्याने केले गेले. फेलिक्स पडेल याने १९९५ साली कंधांवर जो ग्रंथ लिहिला त्यात हाच प्रश्न नेटाने विचारला आहे की, सरकारने राज्य, महसूल आणि सुधारणा यांच्या नावाने जी माणसे मारली त्यांची गणना कोणत्या बळीत करावयाची. बळी पडलेल्या मुलांच्या बाजूने उभे राहणाऱ्याला कॅम्बेलचे उपकार नाकारता येणार नाहीत. पण पडेलचा प्रश्नही त्याने झटकून टाकू नये.

आणि ज्या इंग्लंडातून हे अंमलदार आले त्या इंग्लंडात त्याच सुमारास काय चालले होते? तेथील शेतांना हाडांच्या चुऱ्याचे वेड लागले होते. यॉर्कशायरमध्ये हाडे दळण्याच्या वाफेच्या गिरण्या उभ्या होत्या, हल बंदरात युरोप खंडातून हाडांची गलबते लागत, आणि १८२२ साली इंग्रजी वृत्तपत्रांत असे वृत्त आले की, लायप्झिग, ऑस्टरलिट्झ आणि वॉटर्लू येथील रणभूमी उकरून माणसांची आणि घोड्यांची हाडे सारख्याच निर्विकारपणे आणली जात आहेत. मागील वर्षी हलला उतरलेली माणसांची व जनावरांची हाडे दहा लक्ष बुशेलांहून अधिक होती असा त्या वृत्ताचा दावा होता. यॉर्कशायरच्या शेतकऱ्याची रोजची भाकरी आता त्याच्याच मुलांच्या हाडांवर पिकते आहे, असा कडवट शेराही त्यात मारलेला होता. आकडा फुगविलेला असू शकेल. पण वॉटर्लूच्या मैदानावर हजारो माणसे पुरली गेली असता आज तेथे उत्खनन करणाऱ्यांना सांगाडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मिळतात, आणि अलीकडे इतिहाससंशोधकांना असेही पुरावे सापडले आहेत की बेल्जियमच्या बीटसाखरेच्या कारखान्यांनी रस शुद्ध करावयास लागणाऱ्या कोळशासाठी त्या भागातली हाडे उपसून नेली. लिबिग या जर्मन रसायनज्ञाने, ज्याच्या १८४० च्या ग्रंथाने खतांचे शास्त्र पायावर उभे केले त्यानेच, इंग्लंड साऱ्या देशांच्या रणभूमींवरची हाडे लुटून आपली जमीन पोसीत आहे असा जाहीर आरोप केला होता. १८४२ साली लॉझने हाडांवर आम्ल टाकून सुपरफॉस्फेट करण्याचे पेटंट घेतले. १८९० साली ईजिप्तमधून मांजरांच्या लक्षावधीच्या घरातल्या ममी जहाजात भरून लिव्हरपूलला खतासाठी लिलावात निघाल्या, त्या वेळी कोणाच्या भुवया विशेष उंचावल्या नाहीत.

म्हणजे मनुष्याच्या अवशेषांचे खरे खत, अन्न पिकविण्याच्या निव्वळ हेतूने, मापाने मोजून, दर ठरवून वापरलेले, असे ज्याला म्हणता येईल ते घुमसरच्या डोंगरांत नव्हे तर यॉर्कशायरात झाले. कंध माणसाला मारीत होता, आणि ते पाप त्याच्या माथ्यावर राहणारच. हाडांचा व्यापारी मेलेल्यालाच उकरीत होता, एवढा फरक त्याच्या बाजूने मान्य केला पाहिजे. परंतु कंधाला आपण काय दिले याची भीती आणि आठवण होती. व्यापाऱ्याकडे फक्त पावती होती.

तीच नजर पुढे हिंदुस्थानकडे वळली. येथील हाडे, अर्थात गुरांची, जहाजे भरभरून परदेशी जाऊ लागली. हिंदी शेतीच्या पाहणीसाठी आलेल्या व्होल्कर या रसायनज्ञाने १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात या निर्यातीची चर्चा केली आहे, आणि शेतकऱ्याला हाडांच्या खताचा विटाळ वाटतो हेही त्याने टिपले आहे. विटाळाचा हा प्रकार मोठा मजेदार आहे. हाडाला न शिवणारा आपला शेतकरी सोनखताचे मोल जाणून होता, आणि पुण्याच्या आसपासच्या उसाला ते बिनदिक्कत घातले जाई. फक्त ते वाहून नेणारा दुसरा असला म्हणजे झाले.

मृताचा देह अन्नरूपाने परत येतो हा विचार आपल्या परंपरेला परका नाही. छांदोग्य उपनिषदात चितेच्या धुराबरोबर निघालेला जीव चंद्रलोकापर्यंत जाऊन मेघ होतो, पाऊस होतो, आणि तांदूळ, जव, तीळ, उडीद यांच्या रूपाने पुन्हा उगवतो असे वर्णन आहे. पण उपनिषदाने जे धुरावर सोपविले त्यातून राख वगळली गेली. ती गंगेची, गोदेची, निदान गावच्या नदीची झाली. ही रीत देशासमोर मोडली ती जवाहरलाल नेहरूंनी. १९५४ साली लिहिलेल्या मृत्युपत्रात त्यांनी आपल्या राखेतली मूठभर प्रयागला गंगेत टाकावी आणि उरलेली बहुतेक विमानातून नेऊन जेथे शेतकरी राबतात त्या शेतांवर विखुरावी, अशी इच्छा लिहून ठेवली होती, आणि त्यात धार्मिक हेतू नाही हेही स्पष्ट केले होते. १९६४ च्या जूनमध्ये ती इच्छा पुरी झाली. हिंदुस्थानच्या भूमीत मनुष्याची राख शेतास देण्याचा सर्वांत विख्यात प्रसंग हाच असावा, आणि यात दिला जाणारा व देणारा एकच होता.

महाराष्ट्रात सत्यशोधकी विचाराच्या आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी ही गोष्ट गावपातळीवर आणली. रक्षा नदीत न सोडता आपल्याच शेतात मिसळावी, अगर खड्ड्यात घालून वर आंबा, नारळ, चिंच लावावी, असे करणारी कुटुंबे आता कोल्हापूर-सांगलीकडे नवलाची राहिलेली नाहीत. भाऊबंद कुरकुरतात, भटजी नाराज होतो, तेराव्याला चार माणसे कमी येतात. पुढच्या घरी तेवढेही होत नाही. या चळवळीचे नेते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर, २०१३ साली, महाराष्ट्राने जो कायदा केला त्याच्या लांबलचक नावात राज्याच्या नावामागोमाग येणारा पहिला शब्द नरबळी हा आहे. शेतास माणूस देण्याची एक रीत ज्या चळवळीने कायद्याने बंद करविली तिच्याच कार्यकर्त्यांनी दुसरी रीत घरोघर रुजवावी, यात विसंगती मुळीच नाही. पहिलीत दुसऱ्याचा प्राण होता. दुसरीत स्वतःची, आयुष्यभर त्याच जमिनीत राबलेल्या माणसाची, त्याच्या संमतीने दिलेली राख आहे.

अमेरिकेत तर आता देहाचेच कंपोस्ट करण्यास कायद्याची मान्यता आहे. वॉशिंग्टन राज्याने २०१९ साली प्रथम तो कायदा केला. लाकडाचे तुकडे, पेंढा आणि गवत यांत ठेवलेला देह काही आठवड्यांत माती होतो, आणि ती आप्तांना मिळते. कोलोराडोने दोन वर्षांनी तसाच कायदा केला, पण त्यात अट घातली की त्या मातीत माणसाने खावयाचे अन्न पिकवावयाचे नाही. फुले लावा, झाड लावा, भाजी मात्र नको. रोगजंतूंची भीती एवढेच त्या अटीचे कारण असेल असे मला वाटत नाही, कारण तेवढी उष्णता त्या कंपोस्टात निर्माण होतेच. माणूस खाल्ल्याची शंकासुद्धा नको, ही जुनी, विज्ञानाहून जुनी धास्ती तिच्यामागे असावी.

आपल्याकडील ज्या शेतकऱ्यास घरच्या माणसाची रक्षा शेतात द्यावयाची असेल त्याला मात्र कोणताही कायदा आडवा येत नाही. दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या म्हणजे झाले. ज्वालेत देहातला नत्र उडून गेलेला असतो, मागे राहते ते हाडांतले स्फुरद आणि चुना, आणि सरणाच्या लाकडाचा पालाश. वजनात लाकडाचाच भाग बहुधा मोठा. ही राख खारट आणि अल्कधर्मी असते, म्हणून सबंध राख एकाच रोपाच्या मुळाशी ओतू नये, त्याने रोप जळते. पूर्व विदर्भाच्या तांबड्या, आम्ल मातीला ती मानवते. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत त्यातले स्फुरद पिकाच्या उपयोगी फारसे पडत नाही. तेव्हा ती शेणखतात नीट कालवावी आणि पावसाच्या आधी साऱ्या वावरभर पातळ पसरून द्यावी.